लिफ्ट कुरकुरते तेव्हा आधी रेल पाहा

ग्वाल्हेरात जानेवारीच्या पहाटे पारा 5 अंशांखाली उतरतो आणि मे-जूनच्या दुपारी 45 च्या वर चढतो. शहराच्या लष्कर भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या उघड्या चौकात व्हीलचेअरची लिफ्ट बसवली, तर या 40 अंशांच्या फरकाचा सर्वाधिक त्रास होतो तो गाइड रेलना. म्हणजे ज्या दोन उभ्या पोलादी पट्ट्यांना धरून लिफ्टचा पाट वर-खाली सरकतो त्यांना. तरीही लिफ्ट अडखळली की पहिला संशय मोटरवरच घेतला जातो.

घरगुती लिफ्टचा पाट बहुधा एकाच बाजूने धरलेला असतो. रेल मागच्या भिंतीला, माणूस पुढे. त्यामुळे पाट सतत पुढे कलंडू पाहतो. त्याला अडवतात ते पाटाला वर आणि खाली बसवलेले, रेलला धरून सरकणारे शू. समजा खुर्चीसकट माणसाचं वजन 200 किलो आहे, ते रेलपासून 60 सेंटिमीटरवर आहे आणि वरच्या-खालच्या शूंमध्ये 120 सेंटिमीटर अंतर आहे. मग वरच्या शूंवर 100 किलोचा आडवा रेटा येतो आणि खालच्यांवर उलट दिशेने तेवढाच. खुर्ची कडेला, 90 सेंटिमीटरवर उभी केली की तोच रेटा 150 किलो होतो. एका टोकाला धरून ओढलेला लाकडी खण जसा तिरका होऊन अडकतो, तसंच हे. म्हणून जागा असेल तर खुर्ची रेलच्या जवळ घ्यावी.

हा रेटा आला की घर्षण आलंच. शूमध्ये नायलॉनचा लायनर, म्हणजे आतलं अस्तर, असतो. कोरड्या पोलादावर त्याचा घर्षणगुणांक साधारण 0.25 धरला, तर वरच्या-खालच्या शूंचं मिळून 50 किलोचं घर्षण मोटरला जास्तीचं ओढावं लागतं. शिवाय थांबलेली वस्तू हलवायला लागणारं बल ती सरकत ठेवायला लागणाऱ्या बलापेक्षा जास्त असतं. या लिफ्टचा वेग सेकंदाला 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसतो. इतक्या संथ चालीत शू क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. आत बसलेल्याला जाणवणारे बारीक हिसके आणि कुरकुर यातूनच येते. पाठीचं दुखणं असलेल्या माणसाला हे हिसके फार लागतात.

लूबरोबर, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याबरोबर, येणारी धूळ यात भर घालते. धुळीतल्या वाळूचे कण साध्या पोलादाहून कठीण असतात. ते मऊ नायलॉनमध्ये रुतून बसले की लायनरच रेल घासू लागतो. अशा रेलवर नुसतं तेल ओतणं म्हणजे वंगण नव्हे, धुळीचा लेप करणं. आधी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने रेल स्वच्छ पुसावी, मगच कंपनीने सांगितलेलं तेल पातळ लावावं. वाटेल ते ग्रीस अजिबात नको. कित्येक लिफ्टमध्ये आणीबाणीचा ब्रेक याच रेलला पकडून थांबतो, आणि पकडीची जागा भलत्या वंगणाने निसरडी करणं हा जिवाशी खेळ आहे. शूऐवजी रबरी किंवा पॉलीयुरेथेनचे रोलर असतील तर रेल कोरडीच ठेवायची.

दोष कुठे आहे हे आवाजावरून बरंचसं कळतं. भिंतीवर दर 10 सेंटिमीटरला खडूने खुणा करा आणि लिफ्ट चालवत ऐका. खटका दर वेळी त्याच उंचीवर आला तर दोष रेलमध्ये: दोन तुकड्यांचा जोड पुढे-मागे झालेला, किंवा रेल भिंतीला धरून ठेवणारं तिथलं ब्रॅकेट ढिलं. खटका ठरावीक अंतराने सारखा येत राहिला तर रोलर पाहा. 8 सेंटिमीटर व्यासाच्या रोलरचा घेर सुमारे 25 सेंटिमीटर असतो. त्यावर एका जागी सपाट डाग पडला की दर 25 सेंटिमीटरला ठोका बसणारच. रिकामी लिफ्ट गप्प आणि माणूस बसल्यावर आवाज, असं असेल तर लायनर झिजून फट वाढल्याची शंका घ्यावी.

आता उन्हाळ्याची गोष्ट. 4 मीटर लांबीची पोलादी रेल 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ 2 मिलिमीटर वाढते. विटांची भिंत त्याच्या साधारण निम्मीच वाढते, आणि सावलीत असेल तर आणखी कमी. फरक जेमतेम मिलिमीटरभराचा, पण रेल पक्की जखडलेली असेल तर तो मोठं बल होऊन ब्रॅकेटच्या अँकर बोल्टवर येतो, आणि जुन्या चुन्याच्या भिंतीत बोल्ट हळूहळू सैल होतात. म्हणून रेलला सरकायला वाव देणाऱ्या क्लिपा वापरतात. घाईत कोणी रेल ब्रॅकेटला वेल्ड करून टाकतात, ते मला मुळीच पटत नाही. वेल्ड थंड होताना आकसतो आणि रेलला स्वतःकडे ओढतो, म्हणजे वाव तर जातोच, सरळपणाही जातो.

सरळपणा तपासायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. तो रेलशेजारी सोडावा, लोलक पाण्याच्या बादलीत बुडवावा म्हणजे वाऱ्याने झुलत नाही, आणि प्रत्येक ब्रॅकेटपाशी दोरी ते रेल अंतर मोजून वहीत लिहावं. हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. दोन्ही नोंदींमध्ये एकाच ब्रॅकेटचा आकडा बदललेला दिसला तर तंत्रज्ञाला ते ब्रॅकेट बोट ठेवून दाखवता येतं. लिफ्ट बंद पडली की वर अडकलेल्या माणसाचा दवाखाना, देऊळ, शेजार सगळंच बंद होतं. तेव्हा दुरुस्तीचे दोन दिवस वाचले तरी ते मोलाचे.

पुसणं, ऐकणं, मोजणं घरच्यांनी करावं, पण पुसणं आणि मोजणं मेन स्विच बंद करून आणि पाट अगदी खाली टेकलेला असतानाच. मोजमापासाठी वरच्या भागापर्यंत शिडीने जावं. वर उचललेल्या पाटाखाली कधीही शिरू नये. बोल्ट आवळणं, लायनर बदलणं आणि ब्रेकची चाचणी तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.