काजव्यांचा चित्रपट मियाझाकींचा नव्हे

‘मियाझाकींचा ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज पाहून ढसाढसा रडलो’ हे वाक्य इतक्या वेळा वाचनात आले आहे की आता खटकते ते रडणे नव्हे, ‘मियाझाकींचा’ हा शब्द. तो जपानी ॲनिमेशनपट दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा आहे. हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ आणि तो, हे दोन्ही चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी एकाच खेळात जोडीने प्रदर्शित झाले आणि दोन्ही स्टुडिओ जिब्ली या एकाच ॲनिमेशन संस्थेचे आहेत. त्यामुळे गल्लत होणे समजण्यासारखे असले, तरी ती वर्षानुवर्षे चालू ठेवणे नव्हे. मियाझाकी स्वतः चित्रे काढतात आणि ताकाहाता काढत नसत, हा फरक बहुतेकांना ठाऊक असतो, पण तो वरवरचा आहे.

खरी चूक होते ती प्रेक्षकाला कोठे उभे केले आहे हे न पाहिल्यामुळे. टोटोरोमधला बसथांबा आठवून पाहा. पाठीवर झोपलेल्या धाकट्या बहिणीला, मेईला, घेऊन सात्सुकी पावसात उभी आहे आणि छत्रीच्या कडेखालून तिला आधी केवळ दोन केसाळ पाय दिसतात. तिला जेवढे दिसते तेवढेच आपल्यालाही दिसते, आणि म्हणूनच टोटोरो हे अजस्र जनावर खरे की कल्पनेतले, हा प्रश्न आपल्या मनाला शिवतही नाही.

ताकाहाता याच्या नेमके उलट करतात. आपण २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री मेलो, हे ‘ग्रेव्ह’चा नायक, युद्धकाळातला जपानी मुलगा सेइता, पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो आणि लालसर उजेडात उभा असलेला त्याचा आत्मा सान्नोमिया स्थानकातला स्वतःचाच देह पाहत राहतो. आपली जागा त्या आत्म्याशेजारी आहे, मुलाच्या डोळ्यांमागे नाही. तो वाचेल का, ही उत्सुकता एकदा संपली की उरतो तो ‘असे का झाले’ हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर निव्वळ बॉम्बमध्ये सापडत नाही. आईने बँकेत ठेवलेले ७,००० येन गाठीशी आहेत; तरी नातेवाईक बाईचे टोमणे सहन न होऊन चौदा वर्षांचा सेइता चार वर्षांच्या बहिणीला, सेत्सुकोला, घेऊन तळ्याकाठच्या खंदकात राहायला जातो. हा अभिमान की पोरकटपणा, याचा निवाडा दिग्दर्शक करत नाही. तो आपल्याला करावा लागतो. नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या ताकाहातांनी या चित्रपटाला युद्धविरोधी म्हणणे नाकारले होते, ते मला यामुळेच पटते. ‘रुमाल जवळ ठेवा’ अशी शिफारस करणाऱ्यांनी सेइताविषयी आपले मत काय झाले, हेही एकदा सांगावे.

मियाझाकींवर माझे प्रेम आहे, पण निवडायचे झाले तर मी ताकाहातांनाच निवडीन. २०१३ च्या ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’मध्ये राजकन्या वाड्यातून धावत सुटते, अंगावरची भरजरी वस्त्रे एकामागून एक गळत जातात आणि तिच्याबरोबर रेषाही कोळशाने खरडल्यासारखी खरबरीत होत जाते, आपण तिच्या मागे धाप लागेपर्यंत धावतो, तरीही कागदावरून नजर हटत नाही.