उन्हाळ्यात झोपणारी झाडं

२०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरनं त्या जगवणं किती अवघड होतं, त्याचा हिशेब असा : ६ बाय ६ मीटरवर एकरी ११० झाडं बसतात. मोठ्या झाडाला मे महिन्यात ठिबकनंही रोज शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे एका एकराला दररोज एक मोठा टँकर.

मोसंबी बारमाही हिरवी. आंबे बहाराची, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या वेळच्या हंगामाची, फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं पोसतात ती विहीर तळाला गेलेली असताना. म्हणून मोसंबीला पर्यायी झाड निवडताना ते किती पाणी पितं याच्याही आधी, कधी पितं ते पाहावं. सीताफळ आणि बोर या कसोटीला उतरतात.

सीताफळ उन्हाळ्यात पानं गाळून झोपतं. पावसाबरोबर फुलतं, सप्टेंबर ते नोव्हेंबरात तोडणीला येतं. ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली, तर पीक वाचवण्यापुरती दोन-तीन पाणी मात्र द्यावीतच. लवकर माल मिळावा म्हणून मार्चपासून पाणी सोडण्याचा मोह होतो, पण कोरड्या हवेत फुलातला स्त्रीकेसर सुकतो, परागकण रुजत नाहीत आणि फुलं गळतात. लागवड ५ बाय ५ मीटरवर, २ फुटी खड्ड्यात. पाणी साचणारी भारी काळी जमीन त्याला मानवत नाही. फळांवर पिठ्या ढेकूण ही पांढरी, रस शोषणारी कीड येते. मुंग्या खोडावरून चढताना दिसल्या की समजावं, ती आलीय.

बोराचं बळ सोटमुळात आहे. पिशवीत वाढलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळतं, मग ते खोल जात नाही. त्यामुळे गावठी बोरीच्या दोन-तीन बिया जागेवरच टोकाव्यात आणि खुंट पेन्सिलीएवढा झाला की त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरावा, म्हणजे कळी बांधून कलम करावं. एप्रिल-मेमध्ये छाटणी हवीच, कारण बोरं नव्या फुटीवर लागतात. थंडीत भुरीकडे, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीकडे, लक्ष ठेवावं.

दोन्ही झाडं पहिली दोन वर्षं मात्र दुष्काळ सोसत नाहीत. उन्हाळ्यात दर रोपाला आठवड्याला दहा लिटर पाणी आणि आळ्यात पाचटाचं जाड आच्छादन लागतं. हे पाणी कुठून येणार ते ठरवूनच मोसंबीवर कुऱ्हाड चालवावी, आणि तीही एकदम नको. आधी डिंक्यानं, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या बुरशीच्या रोगानं, ग्रासलेली झाडं काढावीत. त्यांचं पाणी नव्या रोपांना पुरतं. नवा खड्डा जुन्या खोडाच्या जागी न घेता दोन ओळींच्या मध्ये घ्यावा, कारण डिंक्याची बुरशी मुळांच्या अवशेषांत टिकून राहते.