कोबोलमधून सी: एका कॉलमागचा इतिहास

मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मोठ्या संगणकावर, कोबोल या प्रोग्रामिंग भाषेतून सी या दुसऱ्या भाषेच्या लायब्ररीचं फंक्शन (तयार छोटा प्रोग्राम) बोलवायला आज एक कॉल, म्हणजे बोलावण्याची एक ओळ, पुरतो. पण त्या ओळीत ‘बाय व्हॅल्यू’ (पत्ता नको, किंमतच दे) का लिहायचं, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

कोबोलची आखणी कोडासिल समितीने 1959 मध्ये सुरू केली, ती हिशेबाच्या कामांसाठी. एप्रिल 1964 मध्ये आयबीएमने सिस्टम/360 ही मेनफ्रेम संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्यावर प्रोग्रामांनी एकमेकांना बोलवायची रीत ठरून गेली: रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी साठवणजागा) 1 मध्ये मेमरीतल्या पत्त्यांच्या यादीचा पत्ता, 13 मध्ये सेव्ह एरिया (रजिस्टरं जपून ठेवायच्या जागेचा पत्ता), 14 मध्ये परतीची वाट, 15 मध्ये जिथे जायचं ते ठिकाण. कोबोलच्या अंगवळणी हेच पडलं. माहिती द्यायची म्हणजे तिचा पत्ता द्यायचा.

सी जन्मली 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये. डेनिस रिची यांनी ती घडवली, ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमसाठी. तिथे फंक्शनला थेट किंमत मिळते. त्यामुळे कोबोलने ‘स्लीप’ला (दिलेले सेकंद थांबणारं सी चं फंक्शन) 5 हा आकडा नेहमीच्या पद्धतीने दिला, तर सी त्या 5 च्या पत्त्यालाच सेकंद समजते. ‘बाय व्हॅल्यू’ लागतं ते इथे.

मजकुराची गोष्ट याहून नाजूक. वीस अक्षरांच्या रकान्यात ‘पाटील’ हे नाव इंग्रजी लिपीत, PATIL असं पाच अक्षरांत भरलं की उरलेल्या पंधरा जागा कोबोल स्पेसने भरतं; एबसिडिकमध्ये (मेनफ्रेमवरची अक्षरांची सांकेतिक पद्धत) प्रत्येक स्पेस म्हणजे हेक्स, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, 40. सी मात्र मजकूर संपला हे हेक्स 00 वरून ओळखते. तो बाइट सापडला नाही की मजकुराची लांबी मोजणारं ‘एसटीआरलेन’ रकाना ओलांडून शेजारच्या मेमरीत वाचत जातं. कधी नुसतं चुकीचं उत्तर येतं, कधी थेट एस-झिरो-सी-फोर, म्हणजे मेमरीत हात घालायची परवानगी नसल्याने प्रोग्राम बंद पडणं (ॲबेंड). मला यातलं चुकीचं उत्तरच जास्त धोक्याचं वाटतं. ॲबेंड निदान दिसतो तरी.

पैशांचे आकडेही निराळे. कॉम्प-3 मध्ये (कोबोलची आकडे दाटून साठवायची रीत; शेवटचा सी म्हणजे अधिक चिन्ह) +12345 तीन बाइटांत बसतो: 12, 34, 5सी. नेहमीच्या सी मध्ये असा प्रकारच नव्हता, म्हणून आयबीएमने आपल्या सी कंपायलरमध्ये (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं साधन) दशमान प्रकार वेगळा जोडला.

खरी अडचण मात्र रनटाइमची, म्हणजे प्रोग्राम चालताना त्याला आधार देणाऱ्या व्यवस्थेची, होती. कोबोल, पीएल/आय (आयबीएमची आणखी एक भाषा) आणि सी, प्रत्येकाचं रनटाइम स्वतंत्र. स्टॅक (कॉलची तात्पुरती माहिती ठेवायची मेमरी) कोणी सांभाळायचा, चूक झाली तर कोणी पकडायची, यावर एकवाक्यता नव्हती. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या लँग्वेज एन्व्हायर्नमेंटने तिघांनाही एका छताखाली आणलं. या साऱ्या इतिहासातलं सर्वात मोलाचं काम माझ्या मते हेच.

नावांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण वेळ खातो. कोबोल प्रोग्रामांची नावं कॅपिटलमध्ये आणि आठ अक्षरांपर्यंत धरायचं. सी मध्ये इंग्रजी लहान-मोठी अक्षरं वेगळी मोजतात. कोबोल कंपायलरच्या ‘पीजीएमनेम’ या पर्यायाला ‘लाँगमिक्स्ड’ दिलं की नाव जसं लिहिलं तसंच लिंकरपर्यंत (प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या साधनापर्यंत) पोचतं.