सामाजिक काळजीचा फेरआढावा व त्याविषयीच्या तक्रारी (इंग्लंड)

वार्धक्य, अपंगत्व किंवा दीर्घ आजार यांमुळे आंघोळ, जेवण, हिंडणे-फिरणे अशा नित्याच्या बाबतींत दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या प्रौढ व्यक्तीला कौन्सिलमार्फत, म्हणजे स्थानिक प्राधिकरणामार्फत, जी काळजीसेवा मिळते, तिचा ठरावीक काळाने फेरआढावा घेतला जातो. हा आढावा रखडणे, वरवर उरकला जाणे किंवा त्याचा आधार घेऊन सेवेला कात्री लावली जाणे, यांविरुद्ध इंग्लंडमध्ये होणाऱ्या तक्रारींपुरती ही नोंद मर्यादित आहे. वेल्स व स्कॉटलंड येथे वेगळे कायदे लागू आहेत.

अशा तक्रारींचा प्रारंभ नेमका केव्हापासून धरावा, हे सांगणे अवघड आहे. दीर्घकालीन आजारी व अपंग व्यक्तींसंबंधीच्या १९७० च्या कायद्याने घरपोच मदतीची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणांवर टाकली होती. त्यामुळे मूळ तेथपर्यंत नेता येते. तथापि गरजांचे मूल्यमापन करण्याचे सर्वसाधारण कर्तव्य राष्ट्रीय आरोग्यसेवा व सामुदायिक काळजी कायदा, १९९० याच्या कलम ४७ ने घातले आणि ते १९९३ मध्ये अमलात आले. म्हणून १९९३ हीच सीमारेषा मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्या कलमात फेरआढाव्याचा स्वतंत्र निर्देश नव्हता. तो मार्गदर्शक सूचनांतून रूढ झाला. त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते २०१४ च्या केअर अ‍ॅक्टमधील कलम २७ मुळे, म्हणजे प्रत्यक्षात १ एप्रिल २०१५ पासून.

फेरआढावा आणि पुनर्मूल्यमापन (म्हणजे गरजा नव्याने ठरवणे) या दोन गोष्टी एकच आहेत की भिन्न, हा या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न आहे. ग्लूस्टरशर कौन्सिलने पैशाच्या चणचणीमुळे सेवा काढून घेतल्या, तेव्हा पुनर्मूल्यमापनाविना त्या बंद करणे बेकायदा असल्याचे उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. मात्र गरज ठरवताना उपलब्ध निधीचा विचार करता येतो, असा निर्णय त्याच प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९९७ मध्ये बहुमताने दिला. पुढे लंडनमधील केन्सिंग्टन अँड चेल्सी कौन्सिलविरुद्धच्या दाव्यात हा वाद टोकाला गेला. पक्षाघातामुळे अधू झालेल्या एका महिलेला रात्री काही वेळा लघवीसाठी उठावे लागे. लघवीवर तिचे नियंत्रण होते, फक्त कमोडपर्यंत पोहोचायला आधार लागे. ‘रात्री कमोड वापरण्यासाठी मदत’ अशी तिची गरज सुरुवातीला नोंदवली होती. नंतर ती सुरक्षिततेची गरज म्हणून मांडली गेली आणि रात्रीच्या सेविकेऐवजी शोषक पॅड देण्याचे ठरले. कागदावरील गरजेचे शब्द बदलले की सेवा किती बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ४ विरुद्ध १ अशा बहुमताने कौन्सिलची बाजू मान्य केली. कोणती सेवा द्यायची हे नमूद करणाऱ्या काळजी योजनेच्या २००९ व २०१० मधील फेरआढाव्यांतच गरजेचे पुनर्मूल्यमापन झाले, असे बहुमताने मानले. न्यायाधीश लेडी हेल यांनी भिन्न मत नोंदवले: गरज कमोडपर्यंत जाण्याच्या मदतीची होती आणि जिचा लघवीवर ताबा आहे तिला तो नसल्यासारखे वागवणे तर्कसंगत नाही. माणसाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये मधला मार्ग काढला. ४ नोव्हेंबर २००९ च्या आढाव्यापूर्वीचा सुमारे वर्षभराचा काळ देशांतर्गत कायद्याशी विसंगत असल्याने खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे त्याने ठरवले. त्यानंतरच्या काळापुरती तक्रार मात्र फेटाळली.

सध्याच्या कायद्यानुसार कौन्सिलने योजनेवर सातत्याने लक्ष ठेवले पाहिजे आणि संबंधित व्यक्तीने वाजवी विनंती केल्यास आढावा घेतलाच पाहिजे. परिस्थिती योजनेवर परिणाम होण्याइतकी बदलली असेल, तर आवश्यक तेवढे नवे मूल्यमापन करावे लागते आणि बदलत्या योजनेबाबत सहमतीसाठी सर्व वाजवी प्रयत्न करावे लागतात. बारा महिन्यांच्या आत आढावा घेण्याची बहुचर्चित अट कायद्यात नसून वैधानिक मार्गदर्शनात, म्हणजे कायद्यानुसार सरकारने काढलेल्या सूचनांत आहे. त्याच मार्गदर्शनात, आढाव्याचा उपयोग वैयक्तिक निधी (एका व्यक्तीच्या काळजीसाठी ठरवलेली रक्कम) मनमानीपणे घटवण्यासाठी करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. बहुतेक तक्रारदार याच वाक्यावर भिस्त ठेवतात. तथापि कपात केवळ कपात म्हणून बेकायदा ठरत नाही. ऑक्सफर्डशर कौन्सिलने एका व्यक्तीचा आठवड्याचा निधी मोठ्या प्रमाणात घटवला, तेव्हा अपील न्यायालयाने २०१७ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

तक्रार प्रथम कौन्सिलकडे, सर्वसाधारणपणे बारा महिन्यांच्या आत करावी लागते. २००९ च्या नियमांनुसार तीन कामकाजाच्या दिवसांत पोच मिळायला हवी. उत्तराने समाधान न झाल्यास स्थानिक शासन व सामाजिक काळजी लोकपालाकडे जाता येते. समाजसेवकाच्या मताच्या जागी लोकपाल स्वतःचे मत ठेवत नाही. कार्यपद्धतीत दोष होता का व त्यामुळे अन्याय झाला का, एवढेच तो तपासतो. व्यक्तीला किंवा कुटुंबातील काळजीवाहकाला सहभागी न करणे, गरज असूनही व्यक्तीची बाजू मांडणारा स्वतंत्र सहायक न नेमणे, कपातीची लेखी कारणे न देणे, हे दोष म्हणून गणले जातात. त्यावर नव्याने आढावा, क्षमायाचना किंवा काही रक्कम अशा शिफारशी होतात. त्या बंधनकारक नसल्या तरी कौन्सिले त्या सहसा मान्य करतात.

निर्णयाच्या गुणवत्तेवर अपील करण्याची सोय केअर अ‍ॅक्टच्या कलम ७२ मध्ये करून ठेवली होती. त्यासंबंधी २०१५ मध्ये सरकारने मतेही मागवली, पण पुढे ती योजना लांबणीवर पडली. परिणामी लोकपालाच्या कक्षेबाहेरील वादासाठी न्यायिक पुनर्विलोकन, म्हणजे निर्णय कायदेशीर आहे का हे न्यायालयाकडून तपासून घेणे, हाच मार्ग उरतो. आणि त्यासाठी विनाविलंब, फार तर तीन महिन्यांच्या आत, न्यायालयात जावे लागते.