ड्रोनचं नाक आपल्याकडे वळतं तेव्हा

उत्तरायणाला बडोद्यात सगळे गच्चीवर. यंदा माझा भाचा पतंगाऐवजी नवा ड्रोन घेऊन निघाला, तेव्हा मी त्याला जिन्यातच अडवलं. एक तर आभाळभर मांजा. पंख्यात तो गुंतला की मोटर अडकते, आणि तीन पंख्यांवर साध्या ड्रोनला तोल सांभाळता येत नाही. दुसरं म्हणजे हरणीचा विमानतळ. आमच्या दांडिया बाजारापासून तो सरळ रेषेत पाचेक किलोमीटर. 2021च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगी लागते. 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत मोकळीक, त्यापुढच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, पट्ट्यात 400 फूट. म्हणजे रावपुरा, मांडवी सगळं बाद. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा बघून आम्ही पाद्र्याकडचं एक शेत गाठलं.

ड्रोनचे दोन पंखे घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलटे. चारही एकाच दिशेने फिरले असते तर अंगच उलट दिशेने गरगरलं असतं. उजवीकडे वळायचं असेल तर उलट फिरणारी जोडी वेग वाढवते, दुसरी कमी करते. तोल सांभाळायचं काम आतला जायरोस्कोप (अंग किती फिरतंय ते टिपणारा) आणि छोटा संगणक दर सेकंदाला शेकडो वेळा करतात. दिशा मात्र आपल्याच डोक्यात ठेवावी लागते, आणि नवखा माणूस चुकतो तो इथेच.

ड्रोनची शेपटी आपल्याकडे असेपर्यंत सगळं सोपं. नाक आपल्याकडे वळलं की त्याची उजवी बाजू आपली डावी होते. तो डावीकडे सरकायला लागला की घाबरून आपण रिमोटची दांडी उजवीकडे ढकलतो, आणि तो आणखी डावीकडे पळतो. यावर जुन्या उडवणाऱ्यांची एक युक्ती आहे: नाक समोर असताना ड्रोन ज्या बाजूला घसरतोय त्याच बाजूला दांडी ढकलायची, पडत्या भिंतीला टेकू द्यावा तशी. भाच्याला मी पहिले दोन तास दुसरं काही करूच दिलं नाही. छातीच्या उंचीवर एका जागी तरंगवायचं, आधी शेपटी समोर, मग कूस, शेवटी नाक.

दुसरा धोका उतरताना. पतंग खाली यायला लागला की मांजा खेचायचा, ही सवय बडोद्याच्या मुलाच्या हातात मुरलेली असते. ड्रोन सरळ खाली, जोरात आणला तर तो स्वतःच खाली ढकललेल्या हवेत शिरतो. ती हवा पंख्यांच्या टोकांवरून वळून पुन्हा वरून आत ओढली जाते, भोवरे तयार होतात आणि उचल कमी होते. ड्रोन डगमगतो, धपकन खाली येऊ लागतो. अशा वेळी त्याच सवयीने शक्ती वाढवली तर तीच हवा आणखी जोरात गरगरते. दांडी पुढे किंवा बाजूला ढकलून स्वच्छ हवेत निसटायचं, मग सावरायचं. त्याहून चांगलं म्हणजे मुळात तिरकं आणि हळू उतरायचं.

बॅटरी तीस टक्क्यांवर आली की उतरवायचं, हा आमचा घरचा नियम. परतताना वारा समोरून असेल तर जाण्यापेक्षा जास्त चार्ज खर्च होतो.

संध्याकाळी भाच्याने ड्रोन बांधाच्या वर सरळ खाली सोडला. तो डगमगायला लागला. शक्ती वाढवणाऱ्या दांडीवरचा मुलाचा अंगठा सवयीने वर जाऊ लागला, क्षणभर थांबला, आणि त्याने दुसऱ्या हाताने दुसरी दांडी पुढे दाबली. ड्रोन उसाच्या कडेने निसटला आणि स्थिर झाला. "मावशी, बघितलंस?" तो ओरडला. मी बघितलं होतं.