गावपणाचे जतन आणि आर्थिक विकास

खेड्यात रोजगार, रस्ते, घरे आणि इतर सोयी आणताना तिथली वस्तीची ठेवण, भोवतालची शेती, बांधणीची रीत व परस्परांच्या मदतीवर चालणारे व्यवहार मोडू न देण्याचे धोरण. ग्रामनियोजनातील हा जुना पेच आहे. विकास रोखला तर तरुण पोटापाण्यासाठी बाहेर पडतात, मोकाट सोडला तर गाव शहराचे उपनगर होते. जुन्या भिंती राखणे त्या मानाने सोपे. त्या भिंतींआड बारा महिने कोणी राहील अशी व्यवस्था करणे अवघड.

इंग्लंडमध्ये दोन महायुद्धांच्या दरम्यान मोटारी वाढल्या आणि हमरस्त्यांच्या कडेने घरांच्या रांगा गावोगाव पसरू लागल्या. त्यांना आवर घालणारा कायदा १९३५ साली झाला. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने तर जमीन मालकाची असली तरी तिच्यावर बांधकाम करायला सरकारी परवानगी आवश्यक ठरवली. मोकळी शेती बऱ्याच अंशी वाचली, पण नवी घरे मोजकीच झाल्याने देखण्या गावांतल्या किमती चढल्या आणि शेतमजुरांच्या मुलांना तिथेच घर घेणे परवडेनासे झाले. त्यावर उपाय म्हणून, एरवी परवानगी मिळाली नसती अशा गावालगतच्या जागांवर केवळ स्थानिकांसाठी परवडणारी घरे बांधू देण्याची सवलत पुढे आली.

निर्बंधाची झळ एकट्या शेतकऱ्याने का सोसावी, हा प्रश्न अमेरिकेतील मेरिलँड राज्याच्या माँटगोमेरी काउंटीने (आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) चांगला हाताळला. वॉशिंग्टनला खेटून असलेल्या या काउंटीत १९८० साली सुमारे ९३ हजार एकर क्षेत्र शेतीसाठी राखले गेले. पूर्वी पाच एकरांमागे एक घर बांधता येत असे. ते प्रमाण पंचवीस एकरांमागे एक असे झाले. मात्र हिरावलेल्या हक्काचा मोबदला बाजारातूनच मिळावा अशी सोय केली. शेतकरी पाच एकरांमागे एक बांधकाम-हक्क विकू शकतो. ठरवून दिलेल्या इतर भागांतला बिल्डर तो विकत घेऊन तिथे जादा घरे बांधतो. शेत शेतच राहते आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो. अर्थात, हक्क घेणाऱ्या भागातील रहिवाशांनी दाटी सोसायची तयारी ठेवली तरच हे चालते, आणि ती सहसा खुशीने ठेवली जात नाही.

जपानच्या किसो खोऱ्यातील त्सुमागो हे जुन्या नाकासेंदो मार्गावरचे मुक्कामाचे गाव. रेल्वे दुसरीकडून गेल्यावर ते ओस पडू लागले. १९६८ पासून घरांची डागडुजी सुरू झाली आणि १९७१ साली रहिवाशांनी सनद केली: घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. विजेच्या तारा घरांच्या मागून नेल्या, मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना मज्जाव केला. पर्यटन हाच गावाचा धंदा झाला. शिराकावा-गो खोऱ्यातील ओगिमाची गावातही त्याच वर्षी अशीच त्रिसूत्री ठरली. तिथल्या घरांची उतरती गवती छपरे तीस-चाळीस वर्षांनी बदलावी लागतात. त्या कामाला शे-दोनशे माणसे जमण्याची ‘युई’ ही परंपरा आहे. गाव रिकामे झाले तर छपरे शाकारायला माणसे कुठून येणार? १९९५ साली जागतिक वारसा यादीत नाव आल्यावर गर्दी एवढी वाढली, की हिवाळ्यातील रोषणाई पाहण्यासाठी २०१९ पासून आगाऊ नोंदणी सक्तीची करावी लागली.

डोंगराळ पर्यटनस्थळी वर्षातले काही आठवडेच उघडणारी घरे ही वेगळी डोकेदुखी. स्वित्झर्लंडच्या मतदारांनी मार्च २०१२ मध्ये कौल दिला, की कोणत्याही कम्यूनमध्ये (तिथली गाव-शहर पातळीवरची स्थानिक संस्था) अशी दुय्यम घरे एकूण घरांच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. तपशीलवार कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. परंतु कौलापूर्वी बांधलेल्या घरांच्या वापरावर त्याने बंधन घातले नाही. त्यामुळे गावच्या मध्यावरचे जुने घर सुट्टीपुरते येणाऱ्याला विकण्याची वाट मोकळीच राहिली.