वलयं मोजली की झाडाचं वय कळतं?

‘खोडातलं एक वलय म्हणजे एक वर्ष’ हे आपण शाळेपासून ऐकतो. ढोबळमानाने ठीक, पण दुष्काळ हा हिशेब बिघडवतो. ऐन वाढीच्या दिवसांत पाणी तुटलं की झाड बारीक, जाड भिंतीच्या पेशी बनवू लागतं. पुन्हा पाऊस झाला की मोठ्या, पातळ भिंतीच्या. झालं, एकाच वर्षात दोन वलयं! भिंगातून पाहिलं तर खोट्या वलयाची बाहेरची कड हळूहळू पुसट होत जाते, खऱ्याची मात्र एकदम संपते. उलट, फार कोरड्या वर्षी खोडाच्या काही भागात वलय धरतच नाही. म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी अनेक झाडांच्या अरुंद-रुंद वलयांचा क्रम एकमेकांशी ताडून पाहण्याची पद्धत रुजवली. बारमाही दमट जंगलांत तर कित्येक झाडांना स्पष्ट वलयंच नसतात. तिथे मोजणार काय?